कोंडा आणि कोंड्याचा भास
(त्वचा : देहाची वेस — लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात घामाचा विचार करताना आपण असे पाहिले की, त्वचा ही देहाभोवती बांधलेली निर्जीव भिंत नसून आतबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाची झडती घेणारी जागती वेस आहे. ह्या वेशीच्या ज्या भागावर मनुष्य तेल, साबण, शांपू, मेंदी आणि कलप अशी नाना द्रव्ये वर्षानुवर्षे ओतीत असतो आणि तरीही केसांच्या आड दडल्यामुळे जो भाग त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो, त्या डोक्याच्या त्वचेकडे, म्हणजे व्यवहारात आपण जिला टाळू म्हणतो तिच्याकडे, आज वळावयाचे आहे.

टाळूवरून गळणाऱ्या पांढऱ्या भुशाला मराठीने 'कोंडा' हे धान्य पाखडणाऱ्या सुपातले नाव दिले. ग्रीक वैद्यांनी त्याच विकारासाठी जो शब्द योजिला तोही धान्याच्या कोंड्यावरूनच घेतलेला असून, लॅटिन भाषेतील 'फुरफुर' ह्या शब्दाचा अर्थही कोंडाच आहे. सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोगांच्या प्रकरणात 'दारुणक' ह्या नावाखाली केसांची जागा कठीण, रूक्ष व कंडूयुक्त होण्याचा जो विकार वर्णिला आहे, तोही हाच असे मानण्याचा प्रघात आहे. शांपूची पहिली बाटली बाजारात येण्यापूर्वी कित्येक शतके हा विकार मनुष्याच्या डोक्यावर नांदत होता. म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : खरा कोंडा हा प्रसाधनांनी निर्माण केलेला विकार नव्हे. प्रसाधनांनी होतो तो विकार निराळा. परंतु खाज, लाली आणि भुसा ह्या तिन्ही खुणा दोहोंच्या ठायी सारख्याच आढळत असल्यामुळे एकाविरुद्धच्या फिर्यादीत शिक्षा दुसऱ्याला होते, आणि मूळ गुन्हेगार तसाच मोकळा राहतो.

प्रथम खऱ्या कोंड्याची कैफियत ऐकू. १८७४ साली लुई-शार्ल मालासेझ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या कणांत सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टसारखी बुरशी पाहिली, आणि तिच्या कुळाला आज त्याच्याच नावावरून 'मालासेझिया' म्हणतात. ही बुरशी कोणा एकाच्याच डोक्यावर असते असे नाही. निरोगी माणसाच्या टाळूवरही तिची कायम वस्ती असते. तिचा विशेष असा की, स्वतःला लागणारी मेदाम्ले ती स्वतः तयार करू शकत नाही, आणि म्हणून स्निग्ध पदार्थावाचून ती जगत नाही. प्रयोगशाळेत ती वाढविण्यासाठी संशोधकांना पोषणद्रव्याच्या थरावर ऑलिव्हचे तेल पसरावे लागे, आणि स्निग्धतेची तिची ही गरज ऱ्होडा बेनहॅम ह्या अमेरिकन विदुषीने १९३९ मध्ये सिद्ध करून दाखविली. आपल्या टाळूवर तिला हे अन्न त्वचेतील तैलग्रंथींकडून आयते मिळते. त्या तेलाचे विघटन करून ती आपल्या उपयोगाची मेदाम्ले वापरते, आणि ओलेइक अम्लासारखी जी उरतात ती मागे टाकते. ज्यांची त्वचा ह्या उच्छिष्टाला सोशिक नसते त्यांच्या टाळूवर दाह होतो, आणि एरवी सुमारे महिनाभराच्या मुदतीत नव्या होऊन सूक्ष्म कणांच्या रूपाने नकळत झडणाऱ्या पेशी घाईघाईने, अर्धवट पक्व अशा, थव्याथव्यांनी गळू लागतात. तैलग्रंथी तारुण्याच्या आरंभी जाग्या होत असल्यामुळे कोंडाही त्याच वयात प्रकट होतो.

एवढे कळल्यावर आपल्या घराघरांतील एका वहिवाटीचा फेरविचार करणे प्राप्त होते. डोक्यात कोंडा झाला की टाळू 'कोरडी पडली' असे समजून रात्री कोमट तेल चोळावयाचे आणि ते सकाळपर्यंत तसेच ठेवावयाचे, ही पद्धत प्रेमाने चालत आलेली आहे, आणि ज्या आजीच्या हातांनी आपल्या डोक्याला तेल लावले त्यांची माया कोणत्याही सूक्ष्मदर्शकाने खोटी ठरत नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुण्यातील त्याची झीज कमी करते, हेही खरेच आहे. परंतु केस निर्जीव आहे आणि टाळू सजीव आहे. एकाचे हित ते दुसऱ्याचे हित नव्हे. तेलाने भुसा ओला होऊन केसांना चिकटतो, म्हणून दिसेनासा होतो, आणि आपण त्यालाच गुण आला असे म्हणतो. वस्तुतः जी बुरशी स्निग्धतेवर जगते तिच्या ताटात आपण रात्रभरासाठी आणखी वाढून ठेवलेले असते. कोंडा असलेल्याने तेल सोडावे असे नाही. ते केसांच्या लांबीला लावावे, टाळूवर मुरवू नये, आणि तासाभरात धुऊन टाकावे.

आता दुसरा विकार. तो समजावून देण्यासाठी माझ्या मावशीची हकीकत सांगतो. घरच्या लग्नाला तीन दिवस उरले असता तिने नेहमीच्या दुकानातून नेहमीचीच 'काळी मेंदी' आणून केसांना लावली. दुसऱ्या दिवशी रात्री कानांमागे खाज सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या अशा सुजल्या की, डोळ्यांच्या जागी केवळ दोन रेघा उरल्या, आणि कानांच्या पाळ्यांवरून पाणी पाझरू लागले. टाळू त्यामानाने शांत होती. तिच्यावर थोडी लाली तेवढी होती, आणि पुढे पंधरा दिवस तिथून पापुद्रे गळत राहिले. घरच्यांनी त्या पापुद्र्यांनाच कोंडा ठरवून लिंबाचा रस आणि गरम तेल ह्यांची तजवीज केली, आणि सोललेल्या त्वचेवर लिंबू पडताच तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती अजून माझ्या कानांत आहे. "अरे, बारा वर्षं हीच पुडी लावतेय मी, आजच कशी बाधेल?" हा तिचा प्रश्न होता, आणि ह्या प्रश्नातच सगळ्या विषयाचे मर्म आहे.

प्रसाधनाने त्वचेला होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली केवळ दाहाची : द्रव्य तीव्र असले, फार वेळ राहिले किंवा फार वेळा लावले, तर ते कोणाच्याही त्वचेला पोळते, आणि त्याची आग लगोलग जाणवते. दुसरी ॲलर्जीची : इथे द्रव्य पोळीत नाही, तर देहाची संरक्षकव्यवस्था त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखू लागते, आणि ही ओळख पहिल्याच दिवशी पटेल किंवा बारा वर्षांनी, ह्याचा काही नेम नसतो. एकदा ती पटली की बहुधा जन्मभर टिकते, आणि पुढच्या प्रत्येक स्पर्शानंतर एकदोन दिवसांत पुरळ उठते. म्हणून 'इतकी वर्षे बाधले नाही' हा निर्दोषत्वाचा पुरावा होऊ शकत नाही. टाळूची त्वचा जाड आणि कणखर, तर पापणीची अतिशय पातळ. त्यामुळे डोक्यावर ओतलेल्या द्रव्याची साक्ष पुष्कळदा पापण्या, कान, कपाळाची कड आणि मान ह्यांवर मिळते, म्हणजे जिकडून धुण्याचे पाणी ओघळते तिथे.

मावशीच्या पुडीतील अपराधी द्रव्य होते पॅराफेनिलिनडायअमीन. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्यूलेर ह्या रसायनतज्ज्ञाने केसांचा कृत्रिम रंग तयार केला, आणि तेव्हापासून फोफावलेल्या कलपाच्या व्यवसायात ह्या जातीच्या द्रव्यांचे स्थान आजतागायत मध्यवर्ती राहिले आहे. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २००६ साठी 'वर्षाचे ॲलर्जीकारक द्रव्य' म्हणून त्याचीच निवड केली होती. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य केसांना नारिंगी-तांबडा रंग देते, काळा कधीच देत नाही. तेव्हा जी मेंदी अर्ध्या तासात केस काळेभोर करते तिच्यात मेंदीखेरीज दुसरे काही आहे, हे पुडीवरील पानांचे चित्र काहीही सांगो, निश्चित समजावे. आपल्या देशातील नियमांनी अशा रंगांच्या वेष्टनावर, आधी चाचणी घ्यावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, अशी सूचना छापण्याचे बंधन घातलेले आहे. परंतु ती इतक्या बारीक टाइपात असते की, ज्या वयात कलप लागतो त्या वयात ती वाचवत नाही.

कलप न लावणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. शांपू टिकावा म्हणून त्यात जी परिरक्षके घालतात त्यांपैकी मेथिलआयसोथायझोलिनोन हे इतक्या लोकांना बाधू लागले की, युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला मनाई केली, आणि पुढच्या वर्षी धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत १५ भाग अशी मर्यादा घातली. सुगंधी द्रव्ये त्याच पंगतीतली. 'वनस्पतिजन्य' ह्या शब्दाने फसू नये. फेसासाठी वापरले जाणारे कोकामिडोप्रोपिल बीटेन हे नारळाच्या तेलापासूनच बनते, आणि तरीही काहींना बाधते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होते हे तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे.

मग ओळखावे कसे? काळे कापड अंथरून त्यावर केस विंचरावेत. पडलेले कण पिवळसर, किंचित तेलकट असतील, आणि भुवयांत व नाकाच्या बाजूंसही तसेच दिसत असतील, तर तो खरा कोंडा. कण बारीक, पांढरे, सुके असून आग अधिक आणि खाज कमी असेल, आणि हे सारे नवी बाटली किंवा नवी पुडी आल्यानंतर सुरू झाले असेल, तर प्रसाधनावर संशय घ्यावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने अंगाचा साबण डोक्याला लावणाऱ्यांच्या केसांत चुना आणि साबण मिळून जो चिकट साका बसतो, तोही कोंड्याचा हुबेहूब भास उत्पन्न करतो. आणि जो 'कण' केसाला धरून राहतो, बोटाने सरकत नाही, ती लीख होय.

उपायाचे सूत्र एकच आहे, आणि ते बाजाराच्या हिताच्या नेमके विरुद्ध आहे : वाढवू नका, वजा करा. टाळूची खाज सुरू होताच आपण एक तेल, एक लेप आणि एक नवा शांपू आणतो, आणि त्या गर्दीत अपराधी कधीच सापडत नाही. त्याऐवजी चार आठवडे सर्व प्रसाधने बंद ठेवून एकच साधा, बिनवासाचा शांपू वापरावा. मग एकेक वस्तू आठवड्याआठवड्याच्या अंतराने परत रुजू करून घ्यावी, आणि तिची तारीख वहीत टिपावी. मात्र ज्या कलपाने एकदा सूज आणली तो परत लावून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पट्टीची चाचणी असते. योझेफ याडासोन ह्या वैद्याने १८९५ साली जगापुढे मांडलेल्या ह्या पद्धतीत संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात. मावशीच्या पाठीवरील चौकोनांपैकी एकच लाल झाला, आणि बारा वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

खऱ्या कोंड्यावर कीटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिऑन असलेला औषधी शांपू गुणकारी असतो. केस भिजवून तो टाळूवर लावावा, तीन ते पाच मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग धुवावे. लावताक्षणी धुतल्यास औषधाला काम करण्यास अवधीच मिळत नाही. कीटोकोनॅझोलचा शांपू साधारणपणे आठवड्यातून दोनदा, असा दोन ते चार आठवडे लावतात. बुरशी टाळूची कायमची रहिवासी असल्यामुळे कोंडा निपटून जात नाही, आटोक्यात राहतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे निराशेने दर महिन्याला बाटली बदलण्याची पाळी येत नाही. रुपेरी, जाड खवले ठळक सीमेने दिसत असतील, मुलाच्या डोक्यावर केस तुटून चकंदळ पडले असेल, किंवा पू आला असेल, तर घरगुती उपचार तहकूब ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. पापण्या किंवा ओठ सुजून श्वास जड होऊ लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

वाचकांना एवढीच विनंती आहे की, येत्या सणासुदीला घरातील कोणी केसांना रंग लावणार असेल, तर पुडीवरील ती बारीक अक्षरे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, वेष्टनात सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस चिमूटभर लेप लावून चाचणी घ्या, आणि दोन दिवस वाट पाहा. लग्न, सण आणि समारंभ पांढऱ्या केसांनीही उत्तम साजरे होतात.

पुढील लेखांकात नखांचा विचार करू.