तारापूरचा किल्ला : उत्तर कोकणच्या इतिहासाचा साक्षीदार

तारापूर हे नाव आज प्रामुख्याने १९६९ साली कार्यान्वित झालेल्या अणुविद्युत केंद्रामुळे आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. परंतु याच गावात, खाडीच्या दक्षिण तीरावर, त्याहून कितीतरी जुने असे एक बलस्थान उभे आहे. ते म्हणजे तारापूरचा किल्ला.

१५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५५९ मध्ये दमणही त्यांच्या हाती आले. वसई आणि दमण यांच्यामधील किनारा अनेक खाड्यांनी छेदलेला आहे. खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती तेथील व्यापार व जकात, हे पोर्तुगीजांनी ओळखले होते. म्हणूनच केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची साखळी या किनाऱ्यावर उभी राहिली.

मराठ्यांनी १७३७ साली वसईची मोहीम हाती घेतली. दमणकडून वसईला मिळणारी मदत तोडल्यावाचून वसई हाती येणे कठीण होते. त्यामुळे चिमाजी अप्पांनी प्रथम उत्तरेकडील ठाणी जिंकण्याचे धोरण आखले. जानेवारी १७३९ मध्ये माहीमपाठोपाठ तारापूरला वेढा पडला. तटाखाली सुरुंग खणून उडविण्यात आले व मराठे आत शिरले. आतील शिबंदीनेही शौर्याने झुंज दिली. किल्ला सर झाला. परंतु बाजीराव पेशव्यांचे विश्वासू सरदार बाजी भिवराव रेठरेकर येथे धारातीर्थी पडले. त्यानंतर चारच महिन्यांनी, मे १७३९ मध्ये, वसईने शरणागती पत्करली. त्या विजयाची वाट तारापूरच्या तटावरून गेली होती.

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून रस्त्याने तारापूरला जाता येते. किल्ल्याचा तट व बुरुज आजही पाहावयास मिळतात. आतील भागात मात्र वाडी असून ती खाजगी मालकीची आहे. त्यामुळे परवानगी घेऊनच आत जाणे उचित ठरते. ज्यांना दुर्गरचना बारकाईने पाहावयाची असेल त्यांनी पालघरजवळचा शिरगावचा किल्लाही अवश्य पाहावा. तो बऱ्याच चांगल्या स्थितीत आहे आणि त्याच्या बुरुजावरून समुद्राचा विस्तीर्ण पट्टा नजरेत येतो.

खाऱ्या वाऱ्याने चुन्याचे सांधे झिजतात; त्या फटींत वड-पिंपळ रुजतात व त्यांची मुळे चिरे विलग करतात. निसर्गाचा हा आघात संथ असतो. माणसाने घरबांधणीसाठी काढून नेलेला दगड मात्र पुन्हा जागेवर येत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा वारसा जपण्याची जबाबदारी म्हणूनच शासनाइतकीच मालकांची, ग्रामस्थांची आणि तेथे येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाचीही आहे. ज्या तटासाठी दोन्ही बाजूंच्या वीरांनी प्राण वेचले, त्याचा एक चिराही आपल्या हातून ढळू नये, एवढी दक्षता तरी प्रत्येकाला घेता येईल.