मागणे आणि सोपविणे

१८७२ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने प्रार्थनेच्या फलाचा हिशेब संख्याशास्त्राच्या आधारे मांडला. राजाला दीर्घायुष्य लाभावे म्हणून इंग्लंडच्या चर्चमध्ये नित्य प्रार्थना होत असल्यामुळे राजकुलातील माणसे इतरांहून अधिक जगत असली पाहिजेत, असे अनुमान बांधून त्याने आयुर्मानाचे तक्ते तपासले, तेव्हा सुखवस्तू वर्गांमध्ये सर्वांत अल्प सरासरी आयुष्य राजघराण्यांच्याच वाट्याला आल्याचे त्यास आढळले. वरिष्ठांच्या दरबारी गुदरलेला अर्ज मंजूर झाला तर सार्थकी लागतो, नामंजूर झाला तर वाया जातो, तशीच प्रार्थनाही होय, हे या युक्तिवादात गृहीत धरलेले आहे. आधुनिक ख्रिस्ती विचारवंतांच्या प्रार्थनाचिंतनाचा बराचसा भाग या गृहीताचीच फेरतपासणी करतो.

या फेरतपासणीचा प्रारंभ गॉल्टनच्या पूर्वीच झाला होता. सर्वज्ञ ईश्वराला आपली इच्छा कळविण्याचे काही प्रयोजन नसल्यामुळे, प्रत्येक कर्म त्याची सेवा म्हणून करण्याची अखंड वृत्ती हाच प्रार्थनेचा प्राण मानावा, असे जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९३ च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात प्रतिपादिले; आणि प्रार्थनेने ईश्वर पालटत नाही, पालटतो तो प्रार्थना करणारा, असा विचार डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द याने १८४७ मध्ये मांडला. हे विचार उदात्त खरे. तथापि तेवढ्यावरच थांबल्यास प्रार्थना हा स्वतःशीच चाललेला संवाद ठरण्याचा धोका उरतो. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत तर रोजच्या भाकरीची रोकडी मागणी आहे, आणि म्हणूनच विसाव्या शतकातील स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी याचना हेच प्रार्थनेचे हृदय मानले.

मग मागणी पदरी पडली नाही तर? वेल्समधील तत्त्वज्ञ डी. झेड. फिलिप्स यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात अत्यवस्थ मुलासाठी प्रार्थना करणाऱ्या आईबापांचा विचार केला आहे. मूल वाचावे ही त्यांची आर्त इच्छा ते ईश्वरापुढे उघडी करतात. परंतु तसे करताना, घडेल ते आपल्या हाती नाही हे ओळखून, जे काही घडेल त्याने मोडून न पडण्याचे बळही ते मागत असतात. अशा प्रार्थनेत इच्छा दडपली जात नाही, तिची आसक्ती मात्र सैल होते. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी याचना केली आणि त्याच श्वासात पित्याची इच्छा शिरोधार्य मानली, ती याच जातीची होती.

फ्रेंच विदुषी सिमोन वेय यांनी या विचाराला अनुभवाची जोड दिली. यहुदी कुळात जन्मलेल्या आणि चर्चच्या उंबरठ्याबाहेरच राहिलेल्या या बाईंनी १९४१ साली येशूने शिकविलेली तीच प्रभूची प्रार्थना मूळ ग्रीक भाषेत मुखोद्गत केली. द्राक्षांच्या तोडणीचे कष्ट चालू असताना त्या ती म्हणत, आणि चित्त किंचित जरी ढळले तरी पुन्हा पहिल्या शब्दापासून आरंभ करीत. पूर्ण एकाग्र अवधान हेच त्यांच्या मते प्रार्थनेचे सार होते. विशेष म्हणजे ईश्वराकडे लागणारे हेच अवधान दुःखिताकडेही वळले पाहिजे, नव्हे, पीडित माणसाला त्याची व्यथा आस्थेने विचारता येणे हीच शेजाऱ्यावरील प्रीतीची परिपूर्णता, असा त्यांचा आग्रह होता.

नाझी राजवटीने कैदेत टाकलेले जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनीही मे १९४४ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिताना, येथून पुढे ख्रिस्ती असणे म्हणजे प्रार्थना करणे आणि माणसांमध्ये न्यायाने वागणे या दोनच गोष्टी होत, असे बजावले. पुढच्या वर्षी एप्रिलात त्यांना फाशी देण्यात आली.

या सर्वांचे चिंतन एकत्र पाहिले म्हणजे मला असे वाटते, की मागण्याची लाज धरू नये आणि मागणी पुरी झाल्यावाचून श्रद्धा ठेवणार नाही असा हट्टही धरू नये. परंतु रोजची भाकर मागताना ज्याच्या मनात शेजारच्या उपाशी माणसाला जागा होत नाही, त्याची प्रार्थना अजून पुरी झालेली नाही.