दिवसभर पुरणारी गोळी

‘एडीएचडीच्या मुलांना गुंगीचं औषध देतात, पोर गप्प बसावं म्हणून.’ हा समज घरोघरी आहे आणि तो साफ उलटा आहे. एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकणं आणि उतावळेपणा यांवर, सहसा दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे. डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही मेंदूतली रसायनं पेशींनी लगेच परत शोषून घेऊ नयेत, एवढंच काम ते करतं. त्यामुळे लक्ष टिकतं, उतावळेपणा आवरतो. औषध घेतल्यावर मूल सुन्न, हरवल्यासारखं दिसत असेल तर बहुधा मात्रा जास्त झाली आहे. डॉक्टरांना सांगा, ती बदलता येते.

‘लाँग-अ‍ॅक्टिंग म्हणजे जास्त पॉवरची’ हेही खरं नाही. फरक आहे तो औषध सुटण्याच्या वेगात. साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास. म्हणजे दुपारचा डोस शाळेत, सगळ्या वर्गासमोर. अमेरिकेत २००० साली मंजूर झालेल्या ‘कॉन्सर्टा’ने ही अडचण दूर केली. तिच्या १८ मिलिग्रॅमच्या गोळीत ४ मिलिग्रॅम औषध बाहेरच्या थरात असतं. ते लगेच सुटतं. उरलेलं कडक कवचाच्या आत. कवचाला लेसरने पाडलेलं बारीक छिद्र असतं. पोटातलं पाणी आत झिरपतं, आतला एक थर फुगतो आणि औषधाला छिद्रातून हळूहळू बाहेर ढकलतो. असर सुमारे बारा तास टिकतो. रिकामं कवच शौचावाटे पडतं. ते पाहून ‘गोळी विरघळलीच नाही’ म्हणून दुसरी देऊ नका.

आणि कृपा करून अशी गोळी कुटून मधात चाटवू नका. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे खाण्यावर भुरभुरता येतात, पण दाणे चावायचे नाहीत. आपली गोळी कुठल्या जातीची, हे विचारूनच ठरवा.

व्यसनाची भीती मात्र अगदीच बिनबुडाची नाही. दुरुपयोग होतो, विशेषतः परीक्षेच्या दिवसांत मित्राची गोळी मागून घेणाऱ्यांकडून. म्हणूनच भारतात हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीत आहे. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत केमिस्टला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. पण सांगितल्याप्रमाणे तोंडावाटे घेतलेली लाँग-अ‍ॅक्टिंग गोळी रक्तात सावकाश चढते, त्यामुळे नशेची झिंग सहसा येत नाही.

भूक मात्र मरते. डबा तसाच परत येतो. उपाय साधा: सकाळी गोळीआधी भरपेट न्याहारी आणि असर ओसरल्यावर रात्रीचं जेवण. काही मुलांची उंची किंचित कमी वेगाने वाढते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब वेळोवेळी मोजायलाच हवेत.

मुलाला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, त्याला हृदयाचा आजार असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर ते पहिली गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.