संगणक उठेनासा होतो तेव्हा

दिवाळीच्या तोंडावर घरोघर साफसफाई निघते. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, रद्दी वजनावर जाते, आणि कशाची आहे हे कुणालाच सांगता येत नाही अशी एखादी पितळी फिरकी भंगारात जाते. ती कशाची होती हे पुढे महिन्याभराने, नळ गळू लागला की कळते. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. डिस्क भरल्याचा इशारा येतो, घरातले एखादे उत्साही चिरंजीव नको त्या फायली पुसायला बसतात, आणि जिला ना ओळखीचे नाव ना चित्र, तीच पहिली बळी पडते. त्या दिवशी बहुधा काहीच बिघडत नाही; चालू यंत्राने ती सकाळीच वाचून घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी बटण दाबावे, तो काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आणि पुढे सारे सामसूम!

असे का व्हावे? संगणकाच्या उठण्याला इंग्रजीत ‘बूट’ म्हणतात. बूट चढवताना ओढायला त्याच्या मागे एक फासा असतो. आपल्याच बुटाचा फासा ओढून स्वतःला उचलायचे, अशी एक अशक्य कसरत त्या भाषेत बोलली जाते, तिच्यावरून हा शब्द आला. (आम्हा भाषेच्या मास्तरांना यंत्रातली एवढीच गोष्ट पहिल्या दमात कळते.) बटण दाबताच मुख्य पट्टीवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो डिस्क शोधून तिच्यावरच्या एका लहानशा फायलीला उठवतो. ती प्रणालीचा गाभा स्मृतीत आणते. गाभा मग पडदा, कळफलक वगैरे मंडळींना कामाला लावतो. मधला एक गडी गैरहजर राहिला, की मागचा हाका मारून थांबतो. २००१ साली आलेल्या ‘विंडोज एक्सपी’मध्ये ‘एनटीएलडीआर’ नावाची अशीच एक फाईल होती. आकार सुमारे २५० किलोबाइट, म्हणजे एखाद्या साध्या छायाचित्राएवढाही नाही. पण ती नसली की सारे घर बंद.

पुसणारा हात नेहमी अडाण्याचाच असतो असेही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या प्रसिद्ध विषाणुरोधक कंपनीने विषाणूंची नवी यादी पाठवली. तिच्यातल्या चुकीमुळे एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अस्सल फाईल चोर ठरली, आणि राखणदाराने घरच्याच माणसाला कोंडून ठेवले. यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागली. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या इस्पितळांचे कामसुद्धा अडले. या यंत्रांचे नेटवर्कच तुटले होते, त्यामुळे इलाज दुरून पाठवण्याची सोय राहिली नाही. माणसांना टेबलाटेबलाशी जाऊन ती फाईल परत बसवावी लागली.

आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या. खेडोपाडी हिंडून, म्हाताऱ्या बायकांजवळ बसून उतरवून घेतलेल्या. नऊ वर्षे त्या एकटीने टंकत होत्या. २०११ साली भाच्याने सफाई केली आणि एनटीएलडीआर गेली. दुकानातला कारागीर पाच मिनिटांत म्हणाला, “सर, फॉरमॅट मारावा लागेल.” बाई म्हणाल्या, “आणि माझ्या ओव्या?” त्यावर त्याने नुसते खांदे उडवले.

या खांदे उडवण्याचा मला अजून राग येतो. जी फाईल हरवली होती ती जगात कोट्यवधी संगणकांवर हुबेहूब तशीच होती, एक्सपीच्या प्रत्येक सीडीवर होती. ओव्या मात्र त्या एकाच डिस्कवर होत्या, आणि त्यांतल्या कित्येक सांगणाऱ्या बायका तोवर हयात नव्हत्या. कुठेही मिळणाऱ्या वस्तूसाठी कुठेही न मिळणारी वस्तू पुसायची, हा कुठला हिशेब?

आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. फायली उघडल्या, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा! बाईंचा चेहरा उतरला. पण तो जुन्या पद्धतीचा मराठी फाँट त्या संगणकावर नव्हता, एवढेच त्याचे कारण होते. मजकूर जागच्या जागी होता. सगळे उतरवून घेतल्यावर डिस्क परत बसवली, एक्सपीच्या सीडीवरून यंत्र उठवले, ‘आर’ची कळ दाबून दुरुस्तीच्या पडद्यावर गेला आणि ती एक फाईल सीडीवरून डिस्कवर आणली. एकूण वेळ दीड तास, त्यातला तासभर नकलेचा.

आजच्या विंडोजमध्ये असा अपघात तितका सोपा नाही. २००७ च्या व्हिस्टापासून बहुतेक महत्त्वाच्या फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’कडे असते, घरधन्यालाही त्या सहजी पुसू देत नाहीत. तरीही गेलीच, तर विंडोज १० आणि ११ लागोपाठ दोन-तीनदा उठता आले नाही की बहुधा आपणच दुरुस्तीचा पडदा दाखवतात. न दाखवला, तर दुसऱ्या संगणकावर विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र उठवावे. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’ आधी; मग ‘सिस्टिम रिस्टोअर’, जे प्रणालीला मागच्या तारखेवर नेते पण आपल्या लिखाणाला हात लावत नाही. ‘एसएफसी’ आज्ञा देणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे, की या पडद्यावर नेहमीची ‘सी’ डिस्क कधी कधी ‘डी’ नावाने बसलेली असते. ‘रिसेट’ अगदी शेवटी, तेही ‘कीप माय फाइल्स’ निवडून. बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम त्यात जातात. आणि या सर्वांच्या आधी लिखाणाची नक्कल. त्यासाठी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र उठवले तरी चालते.

नव्या लॅपटॉपवर मात्र एक कुलूप वाढले आहे. ‘बिटलॉकर’ चालू असेल तर दुरुस्तीच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते व मोबाइलवरून पाहता येते. यंत्र धडधाकट आहे तोवर कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. ती नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी आतली एक ओळही वाचता येत नाही.