कोयता निघण्याआधी यकृताचा कागद हातात हवा

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील वाड्या, वस्त्या आणि तांडे ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, गेवराई या भागांतून माणसांचे लोंढे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा, वंजारी आणि भटके-विमुक्तही आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला येथे माणूस म्हणून नव्हे, तर 'कोयता' म्हणून मोजले जाते. मुकादमाची उचल अंगावर असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अशा जगण्यात दुखणे अंगावर काढणे ही सवय नसून सक्ती असते. आणि शरीरात एक अवयव तर असा आहे, की तो बराचसा निकामी होईपर्यंत दुखतही नाही. तो अवयव म्हणजे यकृत.

मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो, तेच माणसाचे यकृत उजव्या बरगड्यांखाली असते. खाल्लेल्या अन्नाची साठवण, रक्त गोठवणारे घटक तयार करणे, औषधांचा आणि दारूचा निचरा करणे ही सारी कामे ते गुपचूप करते. त्याचा काही भाग नासला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो. म्हणून डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, तेव्हाच घरच्यांना कळते. तोवर उशीर झालेला असतो. हा उशीर टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हातातून काढलेले थोडेसे रक्त.

१९५० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमधील आर्थर कार्मेन, फेलिक्स रॉब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू या संशोधकांनी रक्तातील काही विकरे मोजण्याची पद्धत रूढ केली. आज आपल्या रिपोर्टवर एसजीओटी आणि एसजीपीटी अशी नावे दिसतात, ती तीच. नव्या रिपोर्टवर त्यांनाच एएसटी आणि एएलटी म्हणतात. ही विकरे पेशींच्या आत असतात. पेशी जखमी झाली की ती रक्तात झिरपतात. साधारण ४० युनिटांपर्यंतचा आकडा बहुतेक प्रयोगशाळा ठीक मानतात. म्हणजे हा आकडा यकृताला मार बसतो आहे का, एवढेच सांगतो. यकृत काम किती करते, हे सांगणारे आकडे वेगळे आहेत. अल्ब्युमिन साडेतीन ग्रॅमच्या खाली उतरले, रक्त गोठायला लागणारा वेळ वाढला, बिलिरुबिन चढले, तर यकृताची ताकद कमी होत असण्याची शंका घ्यावी लागते.

येथेच आपल्या माणसांची फसगत होते. एसजीपीटी 'नॉर्मल' आले म्हणजे यकृत ठणठणीत, असे समजून कागद फेकून दिला जातो. वास्तविक यकृत आकसून घट्ट झाले, ज्याला सिरॉसिस म्हणतात, तरीही हा आकडा सरळ येऊ शकतो. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. रुग्णाचे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून 'फिब-४' नावाचा हिशेब मांडता येतो. उत्तर १.३ च्या खाली आले तर यकृत घट्ट झाल्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेले तर पुढची तपासणी तातडीने हवी. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. यासाठी नवे यंत्र लागत नाही. आरोग्य केंद्रातील डॉक्टरने कागद-पेन घेऊन दोन मिनिटे दिली तरी पुरे.

उलट बाजूही आहे. एसजीओटी हे विकर स्नायूंतही असते. दिवसभर कोयता चालवून, डोक्यावर मोळ्या वाहून, ट्रकमध्ये ऊस भरणाऱ्या माणसाचे स्नायू झिजतात आणि हा आकडा यकृत निरोगी असूनही वाढू शकतो. एसजीपीटीही थोडे वाढू शकते. अशा वेळी 'सीपीके' ही स्नायूंची तपासणी केली की खरे कारण कळते. पण ऊसतोड्याचा वाढलेला आकडा पाहून पहिला प्रश्न येतो तो "किती पितोस?" हा. रिपोर्ट वाचण्याआधीच माणसाची जात आणि धंदा वाचला जातो! ज्या बाईने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तिलाही हा प्रश्न ऐकावा लागतो आणि खरा आजार शोधायचा राहून जातो.

दारूचा प्रश्न आपण झाकून ठेवावा असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. जयंतीच्या मिरवणुकीत झिंगणारा तरुण ही चळवळीच्या अंगावरची जखम आहे. दारूने यकृत बिघडते तेव्हा बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या पुढे जाते. दारू सोडली तर यकृत बऱ्याच अंशी सावरते, ही आशेची बाब आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी. व्यसनी माणसाला हिणवून वस्तीतून दूर लोटणारा धम्म आपला नव्हे.

पण सारे खापर दारूवर फोडून व्यवस्थेला मोकळे सोडता येणार नाही. यकृत नासवणारे हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू दूषित रक्तातून आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने पसरतात. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे हेपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे बळी गेले. फडावर ताप आला, अंग दुखले की कोपीपर्यंत येऊन इंजेक्शन टोचणारा 'डॉक्टर' आपल्याला देवासारखा वाटतो. त्याची सुई नवी पाकीट फोडून घेतली आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. क्षयरोगाच्या गोळ्यांनीही काही जणांचे यकृत बिघडते. उलट्या, भूक मेलेली, लघवी गडद, डोळे पिवळे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी केंद्रात जाऊन रक्त तपासावे. मधुमेह आणि सुटलेले पोट असणाऱ्यांच्या यकृतावर चरबी चढते, तीही दारूविना.

आणि कावीळ झाली की आपण काय करतो? माळ घालतो, हातावर डाग देतो, नाकात रस पिळतो, उतारा करतो. बरीचशी कावीळ दूषित पाण्याने होते आणि आपोआप उतरते, श्रेय मात्र भगताला मिळते. जी उतरत नाही, ती माणसाला घेऊन जाते. ज्यांनी दैव नाकारून कार्यकारणभाव स्वीकारला, त्या बुद्धाच्या अनुयायांनी तरी भगताच्या दारात बसू नये.

तपासणीविना केलेला उपचार किती महाग पडतो, हे बीडइतके कोणाला ठाऊक? २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचे प्रकरण देशभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या आकडेवारीप्रमाणे जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक! कर्करोगाची भीती घातली गेली, खाड्याची भीती होतीच. पुरेशी तपासणी आणि ती समजावून सांगणारा माणूस मिळाला असता, तर त्यातल्या अनेक जणींचे शरीर शाबूत राहिले असते. गर्भाशयाबाबत जे घडले, ते उद्या 'फुल बॉडी चेकअप'च्या नावाने यकृताबाबत घडू नये. गरज नसलेल्या महागड्या पॅकेजांना भुलू नका आणि गरज असलेली साधी तपासणी चुकवू नका.

ही सोय भीक नाही, हक्क आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर सदस्य असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर कारखानेही बसवले! ज्या मजुराच्या घामावर साखरसम्राट मंत्री झाले, तो मजूर विम्याच्या दाराबाहेरच राहिला.

तरीही जे आहे ते पदरात पाडून घेतले पाहिजे. 'महालॅब' योजनेतून २०१७ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त देऊन मोफत तपासणीची सोय उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्याने तो निर्णय त्याला लागू झाला नाही, हे तिकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे मोफत ठेवली आहेत. सी हा बहुतेकांच्या बाबतीत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी आटोक्यात राहतो. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत बीची लस मिळालीच पाहिजे, मग बाळंतपण गावात होवो की फडाजवळच्या दवाखान्यात.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. हंगामापूर्वीच्या आरोग्य शिबिरात वजन आणि रक्तदाब मोजून फोटो काढण्याचा उपचार पुरे झाला. जे दारू पितात, ज्यांना मधुमेह आहे, जे क्षयाच्या गोळ्या घेतात, ज्यांना कधी रक्त चढले आहे, ज्यांच्या घरात कोणाला बी किंवा सी आहे, त्या प्रत्येकाचे यकृत तपासा. गरोदर भगिनींची हेपॅटायटिस बीची तपासणी करा. रिपोर्ट मुकादमाच्या किंवा कारखान्याच्या हाती न देता कामगाराच्या हाती द्या, आणि तो मराठीत समजावून सांगा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बसून हे कागद वाचून दाखवावेत, आरोग्य केंद्रात माणसांना सोबत न्यावे. विहारातून हेही काम झाले पाहिजे.

कोयता गावाबाहेर पडेल तेव्हा त्याच्या गाठोड्यात भाकरीच्या पिठाबरोबर हा कागदही असला पाहिजे. उचल फिटते, माणूस गेला तर परत येत नाही.

जय भीम!