फ्रॅजाइल एक्स : आजोबांकडून नातवाकडे

मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी हॉलच्या मागच्या दाराशी एक उंच तरुण कानांवर हात ठेवून उभा असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ढोल-ताशा सुरू झाला की तो पार्किंगमध्ये निघून जातो आणि प्रसादाच्या रांगेत मात्र सर्वांत पुढे असतो. तो माझा भाचा. त्याला काय झाले आहे असे सरळ विचारणारे थोडे. बाकीचे ताईकडे पाहून हसतात आणि आपल्या मुलांना हलकेच बाजूला घेतात. संपादकांनी या पुरवणीसाठी लेख मागितला तेव्हा मी ताईला विचारले, "लिहू का याच्याबद्दल?" ती म्हणाली, "लिही, पण रडगाणे नको. लोकांना समजेल असे लिही." मी डॉक्टर नाही. जेबेल अलीच्या एका कारखान्यात रसायने तपासण्यात माझी हयात गेली. पण घरातच प्रश्न उभा राहिला म्हणून गेली कित्येक वर्षे या विषयावरचे मिळेल ते वाचत आलो आहे.

भाच्याचा जन्म १९९८ साली शारजात झाला. बाळ गुटगुटीत होते, पण अंगाने जरा सैल. उशिरा बसले, उशिरा चालले, आणि साडेतीन वर्षांचा झाला तरी दोन-तीन शब्दांपलीकडे जाईना. "मुलगे उशिराच बोलतात" हे तर आपण सगळेच ऐकतो. इथे त्यात एक भर पडली. घरात मराठी, शेजारी हिंदी आणि मल्याळम, नर्सरीत इंग्रजी, त्यामुळे मूल गोंधळले आहे असे सांगण्यात आले आणि एकच भाषा बोला असा सल्ला मिळाला. ताईने दोन वर्षे त्याच्याशी मराठी बोलणे बंद केले. झोपवताना अंगाईसुद्धा म्हटली नाही. अनेक भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचे थांबत नाही, हे आम्हाला फार नंतर कळले. झालेल्या सगळ्या चुकांपैकी ताईला आजही याचीच जास्त हळहळ वाटते.

२००३ मध्ये एका रुग्णालयात त्याची गुणसूत्रे तपासली. जाण्यापूर्वी भरायच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता, आईवडील नात्यातले आहेत का? या देशात तो नेहमी विचारला जातो आणि त्याला कारण आहे. थॅलसेमियासारख्या आजारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते, आणि नात्यातल्या लग्नात तसे घडण्याचा संभव वाढतो. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची चाल आहेच. पण आमची ताई साताऱ्याकडची आणि तिचे यजमान विदर्भातले, सात पिढ्यांत संबंध नाही. रिपोर्ट आला, "गुणसूत्रे सर्वसामान्य." आम्ही पेढे वाटले. तो रिपोर्ट चार वर्षे आमच्या डोळ्यांवर पट्टीसारखा बसला.

तो रिपोर्ट खोटा नव्हता, आणि तरी त्याने आम्हाला फसवले. हे कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४३ साली लंडनमध्ये जे. पर्डन मार्टिन हे मज्जातंतुविकारतज्ज्ञ आणि ज्युलिया बेल या आनुवंशिकीच्या अभ्यासक यांनी एका कुटुंबाची वंशावळ प्रसिद्ध केली. दोन पिढ्यांत ११ पुरुष मतिमंद, आणि सगळे आईकडच्या बाजूने जोडलेले. (बेलबाईंनी त्याआधी १९३७ मध्ये हिमोफिलिया आणि रंगांधत्व यांच्यावर ज्यांच्याबरोबर काम केले ते जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.) मग १९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्ज यांना अशाच एका कुटुंबातील पुरुषांच्या एक्स गुणसूत्राचे टोक तुटल्यासारखे, जणू दोऱ्याने लोंबकळत असलेले दिसले. पण इतरांनी शोधले तर ते दिसेना. हे कोडे ऑस्ट्रेलियाच्या ग्रँट सदरलँड यांनी १९७७ मध्ये सोडवले. एका प्रयोगशाळेत त्यांना असे तुटके भाग दिसत होते आणि दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्यावर दिसेनासे झाले. फरक होता पेशी वाढवण्याच्या द्रावणात. जुन्या, निकस द्रावणात फॉलिक ॲसिड कमी होते, त्यातच ते टोक तुटके दिसे. नव्या, सकस द्रावणात सगळे ठीकठाक! एक रसायन तपासनीस म्हणून ही हकीगत मला फार आवडते. आमच्या २००३ च्या रिपोर्टचे मर्मही त्यातच आहे. नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या पेशींत हा दोष दिसतच नाही.

खरा दोष १९९१ मध्ये सापडला. एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ एक जनुक आहे, त्याचे नाव एफएमआर-१. त्याच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरे पुनःपुन्हा येतात. जपमाळेचे मणी समजा. बहुतेकांच्या माळेत ४४ पर्यंत मणी असतात. ४५ ते ५४ ही उंबरठ्यावरची अवस्था. म्हणजे ५४ मण्यांच्या छोट्या माळेपर्यंत फारसे बिघडत नाही. ५५ ते २०० मणी झाले की ती व्यक्ती वाहक, आणि त्याहून जास्त झाले की पूर्ण दोष. पूर्ण दोषात पेशी त्या जनुकावर रासायनिक मोहोर उठवून त्याला कायमचे कुलूप लावते. मग त्या जनुकाने करायचे प्रथिन तयार होत नाही.

या प्रथिनाचे काम मेंदूतल्या पेशींच्या सांध्यांवर ब्रेकसारखे असते. तिथे नवी प्रथिने किती आणि केव्हा बनावीत यावर ते ताबा ठेवते. ब्रेक नसला की सांधे वाजवीपेक्षा जास्त आणि अर्धकच्चे राहतात. बाहेरून येणारा आवाज, उजेड, गर्दी, अनोळखी नजर, सगळे एकदम अंगावर येते. भाचा डोळ्याला डोळा देत नाही, हात फडफडवतो, घाबरला की स्वतःचे मनगट चावतो, एकच वाक्य दहा वेळा म्हणतो. २ डिसेंबरला राष्ट्रीय दिनाच्या फटाक्यांच्या वेळी त्याला कपाटात बसलेला मी पाहिला आहे. हा उद्धटपणा नव्हे, की आईच्या लाडाचा परिणामही नव्हे. आणि त्याच्या दुसऱ्या बाजूही सांगितल्या पाहिजेत. एकदा गेलेला रस्ता तो विसरत नाही. माणसांच्या नकला अशा करतो की मंडळाच्या दोन माजी अध्यक्षांनी सावध राहावे.

२००७ च्या सुट्टीत मुंबईत एका ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहिले. त्याचे मोठे कान, लांबट चेहरा, मागे वळणारी बोटे बघितली, आणि मग त्याला सोडून ताईलाच प्रश्न विचारू लागल्या. माहेरी असे कोणी आहे का? ताई नाही म्हणाली. मग हळूच, तुमची पाळी वेळेवर येते का? ती ३७ व्या वर्षीच थांबली होती. आणि वडील? वडिलांचे हात कापतात, आणि चालताना तोल जातो, ताई म्हणाली, पण त्याचा इथे काय संबंध?

संबंध होता. आमचे अण्णा शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. साठीनंतर ते अक्षर वेडेवाकडे झाले, कपातला चहा बशीत सांडू लागला. कोणी पार्किन्सन म्हणाले, कोणी वय. बाईंनी सांगितले की वाहकांमध्ये जनुकाला कुलूप लागत नाही, उलट ते गरजेपेक्षा जास्त धडपडते, आणि त्या जादा नकलांचा पेशींना हळूहळू त्रास होतो. त्यातून उतारवयात कंप आणि तोल जाणे हा विकार होतो. कॅलिफोर्नियातील रँडी आणि पॉल हॅगरमन व त्यांचे सहकारी यांनी तो २००१ मध्ये ओळखला. आजारी नातवंडांच्या आयांनी आपल्या वडिलांच्या थरथरत्या हातांबद्दल सांगितले, त्यावरून तो सापडला. पन्नाशीनंतर साधारण दहापैकी चार वाहक पुरुषांना तो होतो, बायकांना कमी. वाहक बायकांपैकी सुमारे पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आत जाते किंवा अंडाशय लवकर थकतात.

म्हणजे अण्णा मेंदूच्या डॉक्टरांकडे, ताई स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि भाचा बालरोगतज्ज्ञांकडे, अशा आमच्या तीन फायली होत्या, आणि एकानेही दुसऱ्याची पाहिली नव्हती. डीएनए तपासणीत अण्णांचे मणी ८४ निघाले, ताईचे ९२, भाच्याचे २०० च्या कितीतरी पुढे.

हे वाढतात कसे, हे नीट समजून घ्यावे, कारण इथेच घराघरांत भांडणे होतात. वाहक पुरुष आपले एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला देतो आणि एकाही मुलाला देत नाही. मुलांना त्याच्याकडून वाय मिळते. मुलीकडे जाताना माळ फारशी वाढत नाही. वाहक स्त्रीकडून मात्र प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ते गुणसूत्र मिळण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्याकडून पुढे जाताना माळ झपाट्याने लांबू शकते. मुळात जितके मणी जास्त तितका धोका जास्त, ९० च्या पुढे तर फारच. मुलींकडे दुसरे, धडधाकट एक्स असते. म्हणून पूर्ण दोष असूनही काही मुलींना थोडाच त्रास होतो, काहींना जवळजवळ नाही. पाश्चात्त्य देशांतल्या मोजणीनुसार पूर्ण दोष साधारण चार ते सात हजार पुरुषांमागे एकाला असतो, पण वाहक बायका दीडशे ते तीनशेत एक. हा दुसरा आकडा पुन्हा वाचा. आपल्या मंडळाच्या एका भरलेल्या हॉलमध्ये एखादी असू शकते.

"तुझ्या माहेरचे आहे" हे वाक्य ताईने सासरी ऐकले. ते शास्त्रानुसार खरे आहे आणि तरीही अन्यायाचे आहे. अण्णांना ते आजीकडून आले असणार. मला आत्याचा मुलगा आठवला. गावात त्याला सगळे भोळा म्हणत. दुसरीच्या पुढे शाळा नाही, पण एसटीच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. कंडक्टर त्यालाच विचारून गाडी सोडत. आमच्यापैकी कोणालाही त्यात कोडे वाटले नव्हते.

आणि मी? अण्णांचा मुलगा असल्यामुळे त्यांचे एक्स मला मिळालेच नाही. माझी तपासणी करायचीही गरज नाही. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. मला मुलगा होण्याचा खरा फायदा असा मिळाला आणि तो दोन्ही बहिणींच्या वाट्याला आला नाही. दोन्ही म्हणजे धाकटीलासुद्धा. ती पुण्यात असते, तिला एक मुलगी आहे. ती अण्णांची मुलगी, म्हणजे वाहक असणारच. हे तिला सांगायला मी तब्बल दोन वर्षे लावली. फोन उचलायचो, अण्णांच्या तब्येतीचे विचारायचो, ठेवायचो.

औषधाचे काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पूर्ण बरे करणारे औषध नाही. १९८० च्या दशकात फॉलिक ॲसिड देऊन पाहिले, त्याचा म्हणावा तसा उपयोग सिद्ध झाला नाही. २००४ मध्ये मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी ब्रेक नसलेल्या त्या सांध्यांवरचा एक विशिष्ट मार्ग दाबला तर दोष सावरेल असा सिद्धान्त मांडला. उंदरांत फार सुंदर परिणाम दिसले. आम्हीही तेव्हा दिवस मोजत होतो. पण त्यावर आधारलेल्या माणसांवरच्या मोठ्या चाचण्या २०१३-१४ मध्ये फसल्या. २०२१ मध्ये झटोलमिलास्ट नावाच्या औषधाची ३० प्रौढ पुरुषांवरची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात भाषेशी संबंधित आकलन थोडे सुधारलेले दिसले, आणि पुढे मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. मी ताईला याबद्दल सांगितले ते उंदरांची आठवण करून देऊनच. रोजच्या जगण्यात उपयोग झाला तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार, ठरलेला दिनक्रम आणि चिंता कमी करणारी साधी औषधे यांचा.

तपासणीबद्दल मात्र एक गोष्ट ठासून सांगतो. हल्ली हजारो रुपयांच्या किंवा दिरहमच्या "सर्व जनुकांच्या" तपासण्या निघाल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांत मण्यांची ही लांब माळ मोजता येत नाही. म्हणून मूल उशिरा बोलत असेल, शिकण्यात मागे असेल, तर डॉक्टरांना फ्रॅजाइल एक्सची डीएनए तपासणी नाव घेऊन विचारा. वाहक स्त्रीला गर्भारपणात, साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास, गर्भाची तपासणी करून घेता येते. मुंबईत पालकांच्या पुढाकाराने चालणारी फ्रॅजाइल एक्स सोसायटी आहे. तिथे आम्हाला माहिती तर मिळालीच, शिवाय "आमचाही असाच करतो" म्हणणारी माणसे भेटली.

इथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने व्हिसाचा एक मोठा घोर होता. मुलगा सज्ञान झाला की त्याला आईवडिलांच्या व्हिसावर ठेवायचे कसे? २०२२ च्या नियमांनी अशा मुलांना वयाची अट काढली, त्या दिवशी ताईने आम्हाला पुरणपोळीला बोलावले. पण निवृत्तीनंतर भारतात परतावेच लागेल. तिथे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि हे पालकत्व यांचे कागद सुट्टीत गेल्यावर करून घ्यावेत. आम्ही पहिली सुट्टी लग्नांत आणि दुसरी खरेदीत घालवली.

धाकटीला शेवटी मी पुण्याला जाऊन समोरासमोर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, तू दोन वर्षे गप्प होतास, तेव्हा मला वाटायचे अण्णांच्या जमिनीवरून तुझ्या मनात काही आहे." तिचे मणी ८७ निघाले. भाचीला तेव्हा ती काही बोलली नाही. लेक सज्ञान होऊ दे, तपासायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे, असे समुपदेशकांनीही सांगितले होते.

मागच्या वर्षी भाचीचे स्थळ जमत आले. धाकटीचा जीव वरखाली. हे आधी सांगावे तर स्थळ जाणार, न सांगावे तर उद्या काय? घरातल्या वडीलधाऱ्यांत सरळ दोन तट पडले. मी सांगा म्हणणाऱ्यांतला होतो, पण ज्याच्या मुलांना काही होणार नाही त्याने हे बोलणे किती सोपे आहे, हे मला कळत होते. शेवटी भाचीनेच सगळे कागद मागून घेतले, त्या मुलाला भेटली आणि आत्याच्या भोळ्यापासून आजोबांपर्यंत सगळी वंशावळ हॉटेलातल्या कागदी रुमालावर काढून दाखवली. आठवड्याने दोघे मिळून समुपदेशकांकडे गेले आणि तिने रक्त दिले.

लग्न डिसेंबरात आहे. रिपोर्टात काय आले ते तिने मला सांगितलेले नाही, मीही विचारले नाही. तिने फक्त एवढेच कळवले की मंगलाष्टकांच्या वेळी बँडबाजा नको, दादा येणार आहे.