वाण्याची वही

गल्लींतील वाण्याच्या वहींत आपल्या घरची पुष्कळ माहिती असते. महिन्यास साखर किती लागते, उधारी किती राहिली, हें सर्व त्यास ठाऊक असतें. त्यांत वावगें कांहीं नाहीं. हिशेबापुरती ती माहिती आपणच त्यास दिलेली असते. परंतु तीच वही त्यानें गुपचूप तिऱ्हाइतास विकली, तर त्यास आपण विश्वासघात म्हणूं.

मोबाईलवरील पुष्कळ कंपन्याही अशीच वही ठेवितात. आपण काय शोधिलें, काय विकत घेतलें, कोठें गेलों, ह्या नोंदींवरून त्या आपल्या मनाचा कल ताडतात व त्याचा लाभ जाहिरातदारांस विकतात. सेवा फुकट दिसते; तिचें मोल असें चुकतें होतें.

ह्याचें एक उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. फेसबुकवर स्वभावपरीक्षेची एक प्रश्नावली निघाली होती. ती सुमारें २ लाख ७० हजार लोकांनीं घेतली. परंतु त्यांच्याबरोबर त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली गेली व ती केंब्रिज अ‍ॅनालिटिका ह्या राजकीय प्रचार करणाऱ्या कंपनीच्या हातीं पडली. २०१८ सालीं ह्याचा बोभाटा झाला, तेव्हां अशा लोकांची संख्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत असावी, असें फेसबुकनें सांगितलें. भारतांत ती प्रश्नावली घेणारे अवघे ३३५. पण येथील सुमारें ५ लाख ६२ हजार जणांची माहिती गेली असण्याचा संभव त्याच कंपनीनें वर्तविला.

प्रश्नावली घेणाऱ्यांनीं संमति दिली होती, असें कोणी म्हणेल. पण संमति खरी केव्हां? काय देतों व कशासाठीं देतों हें समजून दिलेली, आणि तीही स्वतःच्या वस्तूपुरती. मित्राच्या वतीनें ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २०१९ सालीं फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड केला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला. आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति घ्यावी, असें २०२३ च्या कायद्यांत सांगितलें आहे. तरीही कायदा प्रत्येक घराच्या दारांत उभा राहूं शकत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या मोबाईलांत मावशीचा पत्ता, मित्रांचे नंबर, वर्गाचें छायाचित्र असतें. एखादा खेळ तें मागूं लागला, तर क्षणभर थांबा. त्या ३३५ जणांच्या मनांतही कोणाचें वाईट करण्याचा हेतु नसावा. दुसऱ्याची ठेव त्यास न विचारतां कोणास देऊं नये, हें आपण घरांत शिकलोंच आहों. तोच नियम येथेंही पाळूं या.